नसलेले नाते शोधायचे कसे?

दिवाळीच्या सुटीत मुलांना घरी पोचवायला जाणाऱ्या शिक्षकाच्या हातात एक कागद असतो. त्यावर कॅडेटचे नाव, हाउस, उतरण्याचे स्टेशन आणि घ्यायला येणाऱ्याचे नाव असते. शेवटच्या रकान्यात ‘सोपवला’ असे लिहून सही करायची असते. तीन वर्षांपूर्वी असाच कागद घेऊन मी जबलपूरच्या गाडीत बसलो होतो. माझे घर तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे इटारसीपलीकडच्या मुलांची एस्कॉर्ट ड्यूटी दरवर्षी माझ्याकडेच येते आणि मीही ती आनंदाने घेतो.

नरसिंहपूरला गाडी रात्री उशिरा पोचली. नववीतला एक कॅडेट तिथे उतरायचा होता. ट्रंक घेऊन तो खाली उतरला. फलाटाच्या टोकाला एक गृहस्थ हात हलवत उभे होते, कॅडेटनेही हात हलवला. गाडी सुटली. मी दारातच कागद गुडघ्यावर धरून सही केली आणि जागेवर येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी घरी चहा पीत असताना त्या कॅडेटच्या वडिलांचा फोन आला. ते म्हणाले, “सर जी, आज रात को गाड़ी कितने बजे पहुँचेगी?”

हातातला कप तसाच राहिला. सुटीचे पत्र मीच लिहिले होते. त्यात सुटी सुरू होण्याची तारीख होती, पण आम्ही आदल्या दिवशीच निघणार हे लिहायचे राहून गेले होते. हात हलवणारे ते गृहस्थ दुसऱ्याच कोणाला घ्यायला आले होते, आणि मुलाने हात हलवला होता तो मला. साडेदहाला पुन्हा फोन आला. मुलगा घरी पोचला होता. रात्रभर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये ट्रंकेवर डोके ठेवून झोपला आणि उजाडल्यावर पहिल्या बसने गावी गेला. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही.

आठ ते साडेदहा हे अडीच तास माझे कसे गेले ते सांगत नाही. पण नंतर विचार करताना मला त्याहून जास्त भीती वाटली ती आदल्या रात्रीची. त्या रात्री मुलगा हरवलेला होता, आणि जगात एकही माणूस त्याला शोधत नव्हता. आमच्या कागदावर तो पोचला होता. घरच्यांच्या हिशेबात तो अजून शाळेत होता. दोन्ही नोंदी आपापल्या जागी पूर्ण दिसत होत्या. जे तुटले होते ते या दोन नोंदींच्या मध्ये होते, आणि ‘मध्ये’ काय आहे हे लिहायला आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता.

या लेखाचा विषय तोच ‘मध्ये’ आहे. संगणकशास्त्रात त्यासाठी एक वेगळ्या प्रकारचा डेटाबेस असतो, त्याला ग्राफ डेटाबेस म्हणतात. गेली दोन वर्षे आपल्या कॉम्प्युटर क्लबचे कॅडेट त्याच्यावर काम करत आहेत, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हे वाचावे अशी इच्छा आहे.

ग्राफ म्हटले की तुम्हाला गणिताच्या वहीतला आलेख आठवेल. हा ग्राफ तो नव्हे. येथे कागदावर काही गोल काढायचे आणि गोलांना जोडणारे बाण काढायचे. गोल म्हणजे माणूस, हाउस, गाव, गाडी, काहीही. त्याला नोड म्हणतात. बाण म्हणजे त्यांच्यातले नाते: ‘राहतो’, ‘निघाला’, ‘पोचला’. बाणाला दिशा असते, आणि बाणावर चिठ्ठीही लावता येते, उदाहरणार्थ तारीख, वेळ, ही माहिती कोणी दिली. आपण नेहमी वापरतो त्या तक्त्यात नाते हे एका रकान्यातला आकडा म्हणून लपलेले असते. ग्राफमध्ये ते स्वतः एक वस्तू असते. असे डेटाबेस आता सर्रास वापरले जातात. २०१६ साली गाजलेल्या पनामा पेपर्सच्या शोधात पत्रकारांपुढे १ कोटी १५ लाख कागदपत्रे होती. कोणती कंपनी कोणाच्या नावावर आणि तिचा पत्ता कोणाशी जुळतो, हे त्यांनी निओफोरजे नावाच्या ग्राफ डेटाबेसमध्ये घालूनच पाहिले. अशा डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेला २०२४ साली आंतरराष्ट्रीय मानकही मिळाले आहे. निओफोरजेची स्वतःची भाषा सायफर. आपण क्लबमध्ये तीच वापरतो.

असलेले नाते शोधणे सोपे आहे. बाण धरून चालत जायचे. अवघड आहे ते नसलेले नाते शोधणे. जो बाण काढलेलाच नाही, त्याला धरून कुठे जाणार?

याचे जे उदाहरण मला सर्वांत जास्त पटते ते दोनशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि ते माझ्या घराजवळचेच आहे. नागपूर-जबलपूर रस्ता तिलवाऱ्यालाच नर्मदा ओलांडतो. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यानंतर तो कंपनी सरकारकडे गेला. त्या काळी दख्खनच्या छावण्यांतले शिपाई रजेवर निघाले की पायीच उत्तरेकडे जात, कमरेला काही महिन्यांचा साठवलेला पगार बांधून. वाटेत त्यांना गोड बोलणारे सोबती भेटत. चोरांची भीती आहे, एकत्र जाऊ, असे म्हणत. चार-आठ दिवस एकत्र चालल्यावर एखाद्या मुक्कामावर गळ्याभोवती रुमाल पडे आणि प्रेत झाडांच्या राईत पुरले जाई. हे ठग.

आता हे पलटणीच्या बाजूने पाहा. शिपाई रजेवर गेला, परत आला नाही. पळून गेला असेल. घरच्यांच्या बाजूने पाहा. मुलगा पलटणीत आहे, रजा मिळाली नसेल. चौकशीचे पत्र जाऊन उत्तर यायलाच महिने लागत. पलटणीचे रजिस्टर पूर्ण, घरचा समज पूर्ण, आणि मधला माणूस जमिनीखाली. माझ्या नरसिंहपूरच्या रात्रीत आणि यात फरक एवढाच की आमचा मुलगा सकाळी बसमधून उतरला.

सैन्याच्या अधिकाऱ्यांना काहीच कळत नव्हते असे नाही. १८१० सालीच मेजर जनरल सेंट लेजर यांनी हुकूम काढून शिपायांना बजावले होते की रोख रक्कम बरोबर नेऊ नका, हुंडी घ्या, आणि रस्त्यात अनोळखी लोकांच्या नादी लागू नका. धोका आहे हे ठाऊक होते. कोण गेला आणि कोण पोचला नाही याची यादी मात्र नव्हती.

विल्यम स्लीमन हा बंगाल आर्मीतला अधिकारी. नेपाळच्या युद्धात लढलेला, नंतर मुलकी कामावर आलेला. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूर जिल्ह्याचा प्रमुख होता. पुढे त्याने स्वतःच लिहिले आहे की त्या वर्षांत जिल्ह्यातली साधी चोरीही त्याच्या कानावर आल्यावाचून राहत नसे. तरीही त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, आणि सागर-भोपाळच्या वाटेवर एका मुक्कामावर असलेली मंडेसूरची राई ही देशातल्या सर्वांत मोठ्या खुनाच्या जागांपैकी एक होती. हे त्याला तेव्हा कोणी सांगितले असते तर त्याने सांगणाऱ्याला वेड्यात काढले असते, अशी कबुली त्याने दिली आहे. कंदेली आज नरसिंहपूर शहरातच आहे. माझा कॅडेट ज्या स्टेशनवर झोपला ते याच गावाचे.

हुशार आणि मेहनती माणसाला चारशे यार्डांवरचे का दिसले नाही? कारण चोरी झाली की फिर्यादी येतो. त्याचा बाण कचेरीकडे येतो. रस्त्यावर मारलेल्या वाटसरूचा फिर्यादीच नसतो. तो जिल्ह्यातला नाही, त्याची वाट पाहणारा इथे कोणी नाही. स्लीमनकडे ‘काय घडले’ याची यादी होती. ‘कोण इथून पुढे जायला हवा होता’ याची नव्हती. आणि दुसरी यादी असल्याशिवाय नसलेले काही सापडत नाही. पहाटेच्या फॉल-इनला उस्ताद “गिनती कर” म्हणतात तेव्हा नुसता आकडा मिळतो. बत्तीसऐवजी एकतीस आले तर एक कमी आहे हे कळते. कोण कमी आहे हे कळायला नॉमिनल रोल हातात लागतो. आणि मुळात बत्तीस असायला हवेत हे ठाऊक नसेल तर एकतीसचा आकडाही पूर्णच वाटतो.

संगणकाला ग्राफमधला प्रश्न विचारताना नेमके हेच करावे लागते. आधी काय असायला हवे ते लिहायचे, मग ते कुठे नाही ते विचारायचे. सायफरमधले आज्ञाशब्द यंत्रावर रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात. येथे वाचायला सोपे जावे म्हणून मी ते देवनागरीत लिहितो.

मॅच (क:कॅडेट)-[:निघाला]->(प:प्रवास)
व्हेअर नॉट (प)-[:पोचला]->(:घर)
रिटर्न क.नाव

गोल कंस म्हणजे नोड, चौकोनी कंस म्हणजे नाते, आणि बाण तर दिसतोच आहे. पहिली ओळ म्हणजे नॉमिनल रोल: जे जे प्रवासाला निघाले ते सगळे. दुसरी ओळ म्हणते, ज्या प्रवासापासून कोणत्याही घराकडे ‘पोचला’ हा बाण जात नाही तेवढेच ठेव. पहिली ओळ नसती तर दुसरीला अर्थ नव्हता. डेटाबेसमध्ये नसलेल्या गोष्टी अनंत आहेत; शाळेतल्या एकाही कॅडेटचा चंद्राकडे बाण नाही. त्यातल्या कोणत्या नसण्याची आपल्याला चिंता आहे हे यंत्राला ठाऊक नसते.

१८२८ साली स्लीमन जबलपूरला आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने कागदावर जे उभे केले त्याला आज आपण ग्राफच म्हटले असते. (त्याच वर्षी त्याला जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर मोठाली हाडेही सापडली. भारतात सापडलेले डायनासोरचे ते पहिले अवशेष. १८७७ साली लायडेकरने त्यांच्यावरून टायटॅनोसॉरस हे नाव दिले, पण पुढे हाडे कुठे ठेवली तेच कोणाला कळेना. २०१२ साली त्यातले एक कोलकात्याला जिऑलॉजिकल सर्व्हेच्या संग्रहातच मिळाले. हाड होते, नोंद होती, दोघांना जोडणारा बाण हरवला होता.) पकडलेल्या ठगांपैकी काहींना त्याने माफीचे साक्षीदार केले. त्यांना वेगवेगळे ठेवून प्रत्येकाची जबानी घेतली: कोणत्या साली, कोणत्या वाटेवर, बरोबर कोण होते, किती मारले, कुठे पुरले. मग एकाची जबानी दुसरीशी ताडून पाहिली. ठगांच्या घराण्यांचे वंशवृक्ष काढले, आणि कोणाला फाशी झाली, कोणाला काळे पाणी, कोण अजून मोकळा आहे हेही नोंदले. हे वंशवृक्ष आणि ठगांच्या ‘रामसी’ या गुप्त बोलीचा कोश त्याच्या १८३६ साली कलकत्त्यात छापलेल्या ‘रामसीयाना’ या पुस्तकात आहेत.

या कागदी ग्राफला तो जे प्रश्न विचारत होता ते बहुतेक ‘नसलेल्या’चे होते. पाच जबान्यांत ज्याचे नाव येते, पण ज्याच्यापासून तुरुंगाकडे बाण नाही, असा कोण? तो मोकळा आहे, त्याला शोधा. ज्या खुनाचे वर्णन आहे, पण प्रेत सापडलेले नाही, असा कोणता? तिथे खणा. सेलोहद्याची हकिकत प्रसिद्ध आहे. फिरंगिया हा ठगांचा पुढारी माफीचा साक्षीदार झाल्यावर त्याने स्लीमनचा तंबू ज्या आंबराईत होता तिथेच जमीन दाखवली. तंबूच्या दोऱ्यांमध्ये १८१८ साली मारलेला एक पंडित आणि त्याचे सहा सोबती निघाले. घोडे बांधले होते त्यांच्याखाली १८२४ साली मारलेले एक हवालदार आणि चार शिपाई.

हवालदार आणि चार शिपाई. त्यांची नावे त्या वर्णनात नाहीत. नोड आहे, पण त्याच्यापासून कोणत्या पलटणीकडे, कोणत्या घराकडे बाण जातो ते लिहिलेले नाही. तिलवाऱ्याच्या घाटावर संध्याकाळी बसलो की मला कधी कधी त्या पाचांची आठवण येते.

अर्धवट नाते हा दुसरा प्रकार. बाण आहे, पण त्याच्यावरची चिठ्ठी कोरी आहे. माझा नरसिंहपूरचा घोटाळा खरे तर याच प्रकारात येतो. ‘सोपवला’ हा बाण मी काढला होता. पण कोणाला, आणि हे कोणी पाहिले, या जागा कोऱ्या होत्या. म्हणून आता क्लबच्या ग्राफमध्ये ‘पोचला’ या बाणावर ‘सांगणारा’ अशी चिठ्ठी असते, आणि ती घरच्या माणसाचीच लागते. एस्कॉर्टचे म्हणणे चालत नाही. माझेही नाही.

येथे कॅडेटांनी एक सापळा नीट समजून घ्यावा. आपल्या क्लबचे दोन आठवडे त्यात गेले. ज्यांचा सांगणारा घर नाही अशांची यादी हवी म्हणून एकाने ‘सांगणारा हा घर नाही’ अशा अर्थाची अट लिहिली. यादीत फक्त तेवढेच आले ज्यांच्यापुढे ‘एस्कॉर्ट’ लिहिले होते. ज्यांची जागा साफ कोरी होती ते एकही आले नाहीत. कारण कोऱ्या जागेला यंत्र ‘नल’ म्हणते, आणि नल हा घराच्या बरोबर आहे का, याचे उत्तर यंत्र ‘हो’ही देत नाही आणि ‘नाही’ही देत नाही. ते ‘माहीत नाही’ म्हणते, आणि व्हेअरच्या चाळणीतून फक्त ‘हो’ खाली पडते. म्हणजे ज्यांची काळजी सर्वांत जास्त करायची तेच गळले. कोऱ्या जागेसाठी ‘इज नल’ असे वेगळे विचारावेच लागते.

तसाच दुसरा सापळा मोजणीचा. प्रत्येक कॅडेटचे स्थानिक पालक किती हे हवे होते.

मॅच (क:कॅडेट)
ऑप्शनल मॅच (क)-[:स्थानिक_पालक]->(प)
रिटर्न क.नाव, काउंट(प)

ऑप्शनल मॅच म्हणजे ‘असेल तर आण, नसेल तर ओळ ठेव आणि जागा कोरी सोड’. नुसते मॅच लिहिले असते तर ज्यांना पालक नाही ते यादीतूनच नाहीसे झाले असते. आता काउंट(प) लिहिले तर अशांपुढे शून्य येते. पण घाईत कोणी काउंट(*) लिहिले, तर यंत्र ओळी मोजते. कोरी ओळही एक ओळच, म्हणून शून्याच्या जागी एक येतो. यादी बघून हाउस मास्टर खूश होतात: प्रत्येकाला किमान एक पालक आहे.

उलट्या बाजूची गंमतही झाली. एका संध्याकाळी प्रेपच्या आधी दहावीतला एक कॅडेट धावत आला, “सर, शाळेत कोणालाच हाउस नाही!” त्याने बाण उलटा काढला होता. हाउस कॅडेटात राहते का, असे तो विचारत होता, आणि यंत्राने प्रामाणिकपणे सांगितले की असे एकही हाउस नाही. सगळेच गैरहजर दिसले तर आधी आपली हजेरी तपासावी.

एक प्रसंग मात्र गमतीचा नव्हता. ज्या कॅडेटांच्या नोंदीत ‘वडील’ हा बाण नाही त्यांची यादी आम्ही क्लबच्या पडद्यावर काढली, वर मथळा होता ‘अपूर्ण माहिती’. तीन नावे आली. दोघांची नोंद खरोखर राहिली होती. तिसरा कॅडेट तिथेच बसला होता. तो उभा राहून म्हणाला, “सर, माझी माहिती पूर्ण आहे. बाबा नाहीत.” चूक माझी होती. नोंद नसणे आणि माणूस नसणे यांना मी एकाच चाळणीत घातले होते. तेव्हापासून असे प्रश्न पडद्यावर चालवत नाही, आणि नियम ‘वडील’ असा न ठेवता ‘ज्याला रात्री फोन करायचा असा किमान एक माणूस’ असा ठेवला आहे. त्या मुलाला असे चार आहेत. त्याची मामी कोणत्याही वेळी पहिल्या घंटेला फोन उचलते.

आता ज्या नात्याची जागा भरलेली आहे, पण खोटी भरलेली आहे, त्याचे काय? त्यासाठी मराठवाड्यात हिंगोलीला यावे लागेल. तिथे तेव्हा निजामाच्या मुलखातली छावणी होती. हरीसिंग नावाचा ठग तिथे प्रतिष्ठित कापड-व्यापारी म्हणून राहत असे. मुंबईहून एक व्यापारी माल घेऊन निघाला आहे असे त्याला कळले. त्याने छावणीतल्या अधिकाऱ्याकडून मुंबईचे कापड आणण्याचा परवाना काढला, वाटेत त्या व्यापाऱ्याला नोकर-हमालांसकट मारले, आणि त्याच परवान्यावर तो माल छावणीत आणून उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले तेव्हाच हे उजेडात आले. परवान्यापासून हरीसिंगाकडे बाण होता, मालाकडे बाण होता, छावणीकडे बाण होता. कोणी हा प्रश्न विचारला नाही की हा माल मुंबईत कोणी विकला? त्या बाणाची जागा कोरी होती, पण परवान्यावर तो रकानाच नव्हता, म्हणून कोरेपणा दिसला नाही.

आणि तिसरी, सर्वांत जड बाजू. १८३६ चा कायदा असा होता की ठगांच्या टोळीत कधीही सामील होता एवढे सिद्ध झाले तर जन्मठेप आणि सक्तमजुरी. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज नव्हती. म्हणजे टोळीकडे जाणारा एक बाण पुरे. तो बाण काढणारा कोण? बहुतेक वेळा माफीचा साक्षीदार, ज्याचा स्वतःचा गळा त्या सांगण्यावर अवलंबून होता. १८३१ ते १८३७ या वर्षांत ३,२६६ माणसे पकडली गेली. ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण साक्षीदार झाले, बाकीच्यांपैकी अनेकांना काळे पाणी किंवा जन्मठेप. जबलपूरच्या स्कूल ऑफ इंडस्ट्रीत ठग आणि त्यांची मुले तंबू व गालिचे विणत. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांच्यासारख्या इतिहासकारांनी या साऱ्या पुराव्याकडे नव्याने पाहून प्रश्न उपस्थित केले आहेत. मला स्वतःला वाटते की सेलोहद्याची प्रेते खोटी नव्हती आणि स्लीमनने रस्ते मोकळे केले हे खरेच आहे. पण वंशवृक्ष हातात असला की रिकाम्या फांदीवर नाव लिहिण्याचा मोह होतो. बाप टोळीत, भाऊ टोळीत, मग हाही असणारच. आजचे संगणकही हा खेळ खेळतात. शेजारच्या बाणांवरून नसलेल्या बाणाचा अंदाज बांधतात, त्याला लिंक प्रेडिक्शन म्हणतात. मोबाइलवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ असे येते ते त्यातूनच. तिथे अंदाज चुकला तर बिघडत नाही. आपल्या क्लबमध्ये मी एक नियम ठेवला आहे की अंदाजाचा बाण वेगळ्या नावाने काढायचा, ‘बहुधा’, आणि तो कधीही ‘पोचला’ या बाणाची जागा घेणार नाही. नरसिंहपूरच्या फलाटावर हात हलवणारा माणूस हा माझा ‘बहुधा’ होता, आणि मी सही ‘पोचला’वर केली.

तो नववीतला कॅडेट आता बारावीत आहे आणि क्लबचा कॅप्टन आहे. सुटीच्या रात्री चालणारा वरचा पहिला प्रश्न त्यानेच लिहिला आहे; दर तासाला तो आपोआप चालतो आणि उरलेली नावे ड्यूटीवरच्या शिक्षकाच्या फोनवर येतात. या दिवाळीत मी तिलवाऱ्याला पोचलो, आईने पाणी तापत ठेवले, आणि सकाळी सहाला फोन पाहिला. यादीत एकच नाव उरले होते, त्याचेच. नरसिंहपूरला मी स्वतः खाली उतरून त्याला वडिलांच्या हाती दिले होते, हात मिळवला होता. तरी यादी त्याचे नाव सोडेना. मी फोन लावला.

“सर, पोचलो की मी रात्रीच,” तो झोपेत म्हणाला.

“ते मला माहीत आहे. नियम कोणी लिहिला? बाबांना फोन दे.”

थोडी खुडबूड झाली. मग वडिलांचा आवाज आला, “आ गया है सर जी, घर पर ही है. दिवाली मुबारक.”

मी सांगणाऱ्याच्या जागी त्यांचे नाव टाकले, आणि आईने तिसऱ्यांदा हाक मारली म्हणून अंघोळीला गेलो.